हायस्कूल फुटबॉल: स्प्रेड सोडून विंग-टी? नवीन कोचचा निर्णय आणि पालकांची बोंबाबोंब

मालवणीबाबा (धागाकर्ता)

सुपर बोलच्या वेळी इथे अमेरिकन फुटबॉलवर भरपूर धागे निघतात, पण हायस्कूल फुटबॉलवर एकही सापडला नाही, म्हणून हा नवा काढतोय.

आम्ही डेलावेअरमध्ये नूअर्कजवळ राहतो. चिरंजीव आता दहावीत जातील. गेल्या वर्षी फ्रेशमन (नववीच्या) टीममध्ये गार्ड खेळला, म्हणजे पुढच्या फळीत (लाइनवर) सेन्टरच्या शेजारी. उंची पाच फूट आठ इंच, वजन १७५ पौंड. आपल्या नातेवाइकांत तो पैलवान, पण लाइनवर उभा राहिला की शेजारच्यांपुढे पोरगेलाच दिसतो. शाळा सरकारी, मध्यम आकाराची. तिन्ही टीम मिळून पोरांची चणचणच असते.

आजवर शाळेचा ऑफेन्स (आक्रमणाची पद्धत) स्प्रेड होता. चार रिसीव्हर (पास झेलणारे) पसरून उभे, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) शॉटगनमध्ये, म्हणजे सेन्टरपासून काही यार्ड मागे, पासवर भर. जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. जुने कोच गेले, नवे आले, आणि पहिल्याच पालकसभेत त्यांनी सांगून टाकलं की यंदापासून विंग-टी (धावण्यावर भर असलेला जुना ऑफेन्स). फ्रेशमनपासून व्हार्सिटीपर्यंत (शाळेच्या मुख्य टीमपर्यंत) सगळ्यांना तीच.

तेव्हापासून पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. क्वार्टरबॅकच्या वडिलांनी पोराच्या खासगी प्रशिक्षणावर चिक्कार पैसे ओतलेत, त्यांचं म्हणणं की हा आजोबांच्या काळातला ऑफेन्स आहे आणि त्यात पोराचं करिअर बुडणार. रिसीव्हरांचे आईबाप त्यांच्या बाजूने. लाइनमनचे आईबाप गप्प, कारण आम्हाला कोणी विचारतच नाही.

माझं योगदान म्हणजे शुक्रवारी टॉवरवर चढून सामन्याचा व्हिडिओ काढणं. पण बूस्टर क्लबच्या (टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या) बैठकीत तुम्हीही बोला असं काही जणांनी सांगितलंय. बोलण्याआधी समजून घ्यायचंय: हायस्कूलला ऑफेन्स निवडताना नक्की काय बघायचं असतं?

टेक्सासकर

सरळ सांगतो, कोच चुकतोय.

आमच्याकडे डॅलसच्या आसपास सातवीतलं पोरही स्प्रेडच खेळतं. मिडल स्कूलमध्ये तेच सिग्नल, तीच नावं, त्यामुळे हायस्कूलला येईपर्यंत अर्धं पुस्तक पाठ झालेलं असतं. उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हन (लाइनशिवाय सात-सात जणांचा पासिंगचा खेळ), त्याची राज्यस्पर्धा १९९८ पासून आहे. साउथलेक कॅरलचं उदाहरण घ्या. टॉड डॉज २००० ते २००६ तिथे कोच होते. त्यातल्या २००२ पासूनच्या पाच हंगामांत ७९ विजय, एक पराभव, चार राज्य अजिंक्यपदं. सगळं स्प्रेडवर.

स्प्रेडचा फायदा साधा आहे. डिफेन्सला मैदानभर पसरावं लागतं आणि मधे जागा होते. तुमची लाइन लहान असेल तर उलट स्प्रेडच हवा. चेंडू दोन सेकंदांत हातातून जातो, लाइनमनला फार वेळ कोणाला अडवायचंच नसतं. शिवाय आजच्या पोरांना पासिंग आवडतं. विंग-टी लावलीत तर चांगले खेळाडू शेजारच्या शाळेत पळतील.

सायलीपुणे

वाचतेय. आमच्या घरी नवरा रात्री जागून एनएफएल बघतो, त्यामुळे चार डाउन आणि दहा यार्ड एवढं कळतं. पण हे विंग-टी, स्प्रेड म्हणजे खेळाडू कुठे उभे राहतात एवढाच फरक का? मग सामन्यागणिक बदलता येत नाही का?

बंडोपंत

सायलीताई, तुमच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण पालकांचा गोंधळ तिथेच होतो.

(आधी माझ्याबद्दल: सांगलीचा. शाळेत असताना न्यू जर्सीत आलो, हायस्कूलला गार्ड खेळलो, आता पेन्सिल्व्हेनियात एका शाळेत लाइनचा असिस्टंट कोच. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे.)

उभं कुठे राहायचं ते फॉर्मेशन. ते दहा मिनिटांत बदलतं. ऑफेन्स म्हणजे त्यामागची ब्लॉकिंगची पद्धत, आणि एका खेळीतून दुसरी निघेल अशी खेळ्यांची मांडणी. ती बदलायला एक अख्खा उन्हाळा जातो आणि अंगात मुरायला दोन हंगाम. कारण अकरापैकी पाच जण लाइनमन. चेंडू घेऊन पळायची वेळ त्यांच्यावर जवळजवळ कधीच येत नाही, पण प्रत्येक खेळीत पहिलं पाऊल कुठल्या पायाने टाकायचं हे त्यांना विचार न करता यावं लागतं.

म्हणून ऑफेन्स निवडताना बहुतेक लोक क्वार्टरबॅककडे बघतात, आणि तिथेच गाडी घसरते. आधी लाइन मोजा. ताकदीचे, पायाने चपळ, डोक्याने शांत असे पाच जण आहेत का? त्यांना दुखापत झाली तर मागे आणखी दोघे आहेत का? सरकारी शाळेत दारातून आत येईल तो आपला. कॉलेजवाले हवा तो खेळाडू शोधून आणतात, आपण नाही आणू शकत.

आता पास प्रोटेक्शनचं बघू. क्वार्टरबॅक मागे सरकून थांबतो, समोरून २२० पौंडांचा डिफेन्सिव्ह एन्ड पळत येतो, आणि आपल्या टॅकलने (लाइनच्या कडेच्या लाइनमनने) मागे मागे जात त्याला एकट्याने अडवायचं. माणसाच्या शरीराला हे उफराटंच वाटतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सगळ्यात उशिरा येणारं कौशल्य हेच. पाचातला एक कच्चा निघाला तरी खेळी मेली.

विंग-टीमध्ये पोर पुढे जातं, आणि बहुतेक वेळा तिरकं जातं. समोरच्या धिप्पाड माणसाला सरळ ढकलायचं नाही, शेजारच्याला बाजूने धडक द्यायची. त्याला डाउन ब्लॉक म्हणतात. कोन आपल्या बाजूने असला की १७५ पौंडांचं पोरही २३० पौंडांच्या माणसाला हलवतं.

मालवणीबाबा, तुमचा मुलगा गार्ड आहे म्हणून बक स्वीप नीट सांगतो. विंग-टी उभी आहे ती गार्डांवर.

समजा खेळी उजवीकडे आहे. उजवा टॅकल, टाइट एन्ड (टॅकलशेजारचा, पासही घेऊ शकणारा) आणि त्याच्या बाहेर उभा असलेला विंगबॅक, तिघेही आतल्या बाजूला डाउन ब्लॉक करतात. म्हणजे भिंत आत झुकते. फुलबॅक (क्वार्टरबॅकमागे उभा राहून धावणारा) चेंडू मिळाल्यासारखा दोन्ही हात पोटावर घट्ट दाबून मध्यातून घुसतो. मिळालेला काही नसतो. त्याच वेळी दोन्ही गार्ड जागा सोडून उजवीकडे पळतात. पुढचा गार्ड बाहेर पहिला जो कोणी दिसेल त्याला साइडलाइनकडे फेकतो, हा किकआउट. मागचा गार्ड फुलबॅकला वळसा घालून येतो, भिंतीच्या कडेला पोचला की वर वळतो आणि आत बघतो, कारण त्याने अडवायचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) आतूनच येणार असतो. चेंडू घेतलेला हाफबॅक त्या दोघांच्या मधून.

आता गंमत बघा. फुलबॅककडे कोणी लक्ष दिलं नाही तर पुढच्या वेळी चेंडू खरंच त्याच्याकडे, त्याचं नाव ट्रॅप. आणि सगळे स्वीपच्या मागे धावायला लागले की क्वार्टरबॅक चेंडू मांडीआड लपवून उलट्या बाजूला निघतो, त्याच्यापुढे तेच दोन गार्ड. फुलबॅक फ्लॅटमध्ये (साइडलाइनकडे, कमी अंतरावर) सुटलेला, टाइट एन्ड आडवा येणारा. याला वॅगल म्हणतात. मागच्या धावणाऱ्यांची हालचाल सुरुवातीला तिन्ही खेळ्यांत एकसारखी दिसते. डिफेन्सच्या पोराने काय वाचायचं?

याउलट मोठ्या मेहनतीने बारा पास रूट शिकवले आणि टॅकल कच्चा निघाला, तर त्या बारांतला एकही पुरा होत नाही.

ओहायोतली काकू

बंडोपंत, छान समजावलंत. माझा मुलगा टाइट एन्ड होता, आता कॉलेजात गेला.

एक दुरुस्ती टेक्सासकरांच्या ‘आजच्या पोरांना’ या शब्दांना. मैदानभर पसरून पास खेळायची कल्पना हायस्कूलमधूनच निघाली, आणि तीही आमच्या ओहायोत. मिडलटाउन हायस्कूलचे टायगर एलिसन. १९५८ चा हंगाम हातचा चाललेला, तेव्हा त्यांनी पोरांना मैदानभर पसरवून उभं केलं, सेन्टर आणि क्वार्टरबॅक जवळजवळ एकटेच. हंगाम सावरला. त्यातूनच पुढे रन अँड शूट हा पासवरचा ऑफेन्स आला. म्हणजे स्प्रेडही आजोबांच्याच काळातला म्हणायचा.

माझा खरा प्रश्न आईचा आहे. डोक्याला मार कशात जास्त लागतो? इतकी पळापळ करून गार्ड धडकणार म्हणजे माझ्या पोटात गोळाच.

अभ्या९७

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याला एकच हायस्कूल कोच आवडतो, पुलास्की अकॅडमीचे माजी कोच केव्हिन केली. लिटल रॉक, आर्कान्सा. चौथ्या डाउनला पंट (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं) जवळजवळ करायचाच नाही, किकऑफ बहुतेक ऑनसाइड, म्हणजे आखूड मारून चेंडू पुन्हा आपणच मिळवायचा. नऊ राज्य अजिंक्यपदं. ऑफेन्स कुठला यापेक्षा चार डाउन वापरता की तीन, हा प्रश्न मोठा. चारही वापरायचे ठरवलेत तर प्रत्येक वेळी अडीच यार्ड पुरतात. मग विंग-टीच काय, काहीही चालेल.

टेक्सासकर

अभ्या, पुलास्की खासगी शाळा आहे आणि केली भरपूर पास खेळायचे. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभार.

बंडोपंत, तुमचं बक स्वीप वाचायला झकास आहे, पण मालवणीबाबा डेलावेअरचे आहेत म्हणून तिथलंच उदाहरण देतो. डेव्हिड नेल्सन यांनी १९५० मध्ये मेनला असताना विंग-टी उभी केली आणि डेलावेअर विद्यापीठात आणली. नंतर टबी रेमंड यांनी १९६६ ते २००१ तिथेच ती चालवली, ३०० सामने जिंकले. मैदानाला त्यांचं नाव आहे. ते निवृत्त झाल्यावर के. सी. कीलर आले, त्यांनी विंग-टी काढून स्प्रेड लावला, आणि दुसऱ्याच हंगामात, २००३ मध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपद. विंग-टीच्या माहेरघरात! आता बोला.

बंडोपंत

बोलतो की.

२००३ च्या त्या टीमचा क्वार्टरबॅक अँडी हॉल जॉर्जिया टेकमधून ट्रान्सफर होऊन आलेला होता. कॉलेजला ऑफेन्स बदलायचा तर माणसं बदलता येतात. मालवणीबाबांच्या शाळेला असा कोण येणार आहे?

साउथलेकचंही तेच. चेस डॅनिएल, ग्रेग मॅकेलरॉय असे क्वार्टरबॅक तिथे एकामागून एक निघाले. डॅनिएल मिझुरीला, मॅकेलरॉय अलाबामाला, पुढे दोघेही एनएफएलपर्यंत. मागे सातवीपासूनची व्यवस्था. ती असेल तर स्प्रेड उत्तमच. आणि त्या ७९-१ मधला ‘१’ कोणाकडून आला तेही सांगा ना. २००३ चा अंतिम सामना, केटी हायस्कूल, १६-१५. केटी म्हणजे डिफेन्स आणि धावता खेळ.

राहिला ‘जुना ऑफेन्स’ हा मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या ब्लूमिंग्टन हायस्कूलने १९९४ मध्ये डॉन मार्कम यांच्या डबल विंग या धावत्या ऑफेन्सवर १४ सामन्यांत ८८० गुण केले. सामन्याला सरासरी ६० च्या वर, आणि पास जवळजवळ नाहीच. डे ला साल, काँकर्ड, सलग १५१ विजय, १९९२ ते २००४. तिथले कोच बॉब लाडुसूर यांचा ऑफेन्स होता स्प्लिट-बॅक व्हीअर, म्हणजे डिफेन्सची चाल बघून चेंडू कोणी पळवायचा ते क्वार्टरबॅकने आयत्या वेळी ठरवायचा ‘ऑप्शन’ ऑफेन्स, साठच्या दशकातला. ती मालिका तोडली वॉशिंग्टनच्या बेलव्ह्यू हायस्कूलने, ३९-२०. बेलव्ह्यूचा ऑफेन्स? विंग-टी.

ही दोन्ही नावं बैठकीत जरूर घ्या. पण विंग-टी लावली म्हणून कोणी बेलव्ह्यू होत नाही, हेही त्याच दमात सांगा. लाडुसूर यांच्याकडे वर्षानुवर्षं त्याच मोजक्या खेळ्या होत्या. पोरं त्या झोपेतही धावली असती, आणि समोरच्यांना त्या येणार हे माहीत असूनही थांबवता येत नव्हत्या.

दुसरं, समोरच्या टीमला तयारीला सोमवार ते गुरुवार मिळतो. लीगमधले सगळे स्प्रेड खेळत असतील तर डिफेन्सची पोरं स्प्रेडच वाचायला शिकलेली असतात. त्यांना एका आठवड्यात दोन गार्ड कुठे पळतायत ते बघून चेंडू शोधायला शिकवायचं, तेही सरावासाठी उभ्या केलेल्या तिसऱ्या फळीतल्या पोरांसमोर, ज्यांनी जन्मात बक स्वीप केलेली नाही. याची किंमत मोठी आहे. टेक्सासात सगळेच विंग-टी खेळत असते, तर मी मालवणीबाबांच्या कोचला स्प्रेड लावा म्हणालो असतो.

काकू, तुमच्या प्रश्नावर वेगळं लिहितो, जेवून येतो.

सायलीपुणे

आता जरा कळलं. म्हणजे कबड्डीत साखळी करून पकड करणारा संघ आणि एकेका हुकमी चढाईपटूवर चालणारा संघ, तसं काहीसं?

बंडोपंत

बरंचसं तसंच. आणि तो चढाईपटू घोटा मुरगळून बसला की काय होतं ते तुम्हाला पुण्यात ठाऊकच असेल. स्प्रेडमध्ये प्रत्येक चेंडू एकाच पोराच्या डोक्यातून जातो. ते पोर दुसऱ्या सामन्यात जायबंदी झालं की नववीतला भाऊ उभा करायचा.

काकू, कुठल्या ऑफेन्समध्ये डोक्याला मार कमी लागतो, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पळत येणाऱ्या गार्डची धडक जोरात बसते हे खरं. मागे थांबून पास शोधणाऱ्या क्वार्टरबॅकला न दिसणाऱ्या बाजूने बसते, तीही खरी. आईबापांनी ऑफेन्सचं नाव विचारण्यापेक्षा सरावाचं विचारावं. आठवड्यात पूर्ण अंगावर घेऊन सराव किती वेळ? टेक्सासात २०१३ पासून आठवड्याला ९० मिनिटांची मर्यादा आहे. तुमच्या राज्याचा नियम काय, आणि कोच तो पाळतो का? दुसरं विचारा की कमरेखालचे ब्लॉक शिकवता का. हायस्कूलच्या नियमात ते फक्त चेंडूजवळच्या ठराविक चौकोनात आणि स्नॅपनंतर (सेन्टरने चेंडू दिल्यावर) लगेचच चालतात. काही जुने ऑप्शनवाले कोच अजून त्यावर जगतात. मी माझ्या पोरांना शिकवत नाही. गुडघे त्यांचे आहेत.

मालवणीबाबा

केवढं मिळालं वाचायला! एक प्रश्न. क्वार्टरबॅकचे वडील म्हणतात की पोराचा हात जबरदस्त आहे, अख्खं मैदान फेकतो. मग पास नको कसा?

बंडोपंत

पास नको असं कोण म्हणालं? वॅगल पासच आहे. पण ‘अख्खं मैदान’वर थोडं गणित करू. आकडे लिहून घ्या, बैठकीत उपयोगी पडतील.

मैदानाची रुंदी १६० फूट, सगळीकडे सारखीच. फरक हॅश मार्कांत, म्हणजे ज्यांच्या मधूनच खेळी सुरू होते त्या खुणांच्या दोन रांगांत. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर १८ फूट ६ इंच, म्हणजे चेंडू नेहमी जवळपास मधोमध. कॉलेजला ४० फूट. हायस्कूलला ५३ फूट ४ इंच, म्हणजे मैदानाचे बरोबर तीन समान भाग. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवीकडे १०६ फूट ८ इंच पसरलेत. साडेपस्तीस यार्ड!

आता क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये पाच यार्ड मागे. लांबच्या बाजूच्या रिसीव्हरने १२ यार्ड जाऊन साइडलाइनकडे वळायचं, हा आउट रूट. आडवं अंतर ३३ यार्ड धरा, उभं १७. पायथागोरस लावला की ३७ यार्ड. टीव्हीवर १२ यार्डांचा पास म्हणून मोजला जाणारा हा चेंडू प्रत्यक्षात ३७ यार्ड हवेत असतो, आणि तेवढ्या वेळात कॉर्नरबॅक येऊन उलट दिशेने टचडाउन करतो. टीव्हीवरचा ऑफेन्स उचलून शाळेत आणला की तो इथेच अडखळतो. मैदानच वेगळं आहे.

तीच रुंद बाजू धावायला मात्र सोनं. स्वीप, ऑप्शन, वॅगल, सगळं तिकडे. हायस्कूलमध्ये रुंद बाजूला पळणारे ऑफेन्स टिकून राहिले त्याचं एक मोठं कारण हे हॅश आहेत.

मुलाचा हात खरंच इतका चांगला असेल तर कोचला विचारा, वॅगलवर टाइट एन्डच्या मागे लांबचा पोस्ट (गोलपोस्टच्या दिशेचा लांब पास) ठेवणार का. डिफेन्सचे अकरापैकी नऊ जण धावणाऱ्यांकडे बघत असताना एकच रिसीव्हर मागे एकटा सुटतो. क्वार्टरबॅकला याहून सोपा लांब पास मिळायचा नाही.

टेक्सासकर

हॅशचा मुद्दा मान्य. पण लांबचा आउट कोण फेकतोय? आजचा स्प्रेड म्हणजे आरपीओ (रन-पास ऑप्शन). लाइन धावत्या खेळीचंच ब्लॉकिंग करते, क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे बघतो. तो पुढे आला तर त्याच्या मागे सहा यार्डांवर स्लँट (आत तिरक्या पळणाऱ्याला पास), नाही आला तर हँडऑफ (धावणाऱ्याच्या हातात चेंडू). एक डोळा, एक निर्णय. हे सोळा वर्षांच्या पोराला जमतं. आणि एअर रेड या पासवरच्या स्प्रेडबद्दल लोकांना वाटतं की तो अवघड आहे. तो घडवणारे हल मम्मी कॉलेजात हेड कोच होण्याआधी आमच्या कॉपरस कोव्ह हायस्कूलला कोच होते. त्यांची आणि त्यांचे साथीदार माइक लीच यांची सगळी कल्पनाच ही, की खेळ्या मोजक्या ठेवा आणि त्याच घोटून घ्या. तुमच्या लाडुसूरांसारखंच.

बंडोपंत

टेक्सासकर, आता तुम्ही माझंच बोलताय.

मोजक्या खेळ्या आणि घोटणं, तिथे मम्मी आणि लाडुसूर एकाच शाळेतले. स्प्रेड वाईट नाही. मालवणीबाबांच्या जुन्या कोचचा कुठला होता ते आपण पाहिलेलं नाही. थोडा एअर रेड, थोडा झोन रीड, परवाच्या सामन्यात टीव्हीवर दिसलेली एक खेळी, असा बहुतेक ठिकाणी असतो. तोच हरतो.

आरपीओवर एक नियम लक्षात असू द्या. पास सुटायच्या आत लाइनमन किती पुढे जाऊ शकतो? तुमच्या टेक्सासात कॉलेजचे नियम, तिथे तीन यार्ड. बाकीच्या राज्यांत दोन. एक यार्ड म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ब्लॉक करत पुढे घुसणाऱ्या पोराला थांब म्हणणं, आणि क्वार्टरबॅकला त्याआधी चेंडू सोड म्हणणं, यात शिट्ट्या भरपूर वाजतात.

आणि हो, जुना म्हणून हिणवता त्या ऑप्शनचं मोठं घर तुमचंच टेक्सास. एमोरी बेलार्ड तिथल्या हायस्कूलांतच घडले, मग १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात विशबोन हा ऑप्शन ऑफेन्स आणला, आणि सलग ३० सामने जिंकले.

अभ्या९७

या दोघांना एकाच कोचिंग स्टाफवर घ्या रे कोणीतरी.

माझा आवडता हायस्कूल ऑफेन्स ए-११. पिडमाँट, कॅलिफोर्निया, २००७. नियमातली पळवाट शोधून अकराच्या अकरा जणांना पास घेण्यायोग्य नंबरांची जर्सी दिली. २००९ मध्ये पळवाट बंद. मालवणीबाबा, बैठकीत हेच सुचवा, सगळे पालक एकजुटीने विरोधात येतील.

मालवणीबाबा

बैठक झाली. वृत्तांत देतो.

मी हॅशचं गणित फळ्यावर काढलं. अर्धे लोक मोबाइल बघत होते, पण क्वार्टरबॅकचे वडील इंजिनीअर आहेत. ते उठून पुढे आले आणि माझा पायथागोरस तपासला. बरोबर निघाला म्हटल्यावर जरा नरमले. मग पुढचा मुद्दा काढला की कॉलेजचे स्काउट विंग-टीतला क्वार्टरबॅक बघतच नाहीत.

कोच शांत माणूस. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांना स्वतःला हाच ऑफेन्स मुळापासून येतो, आणि काही बिघडलं तर सामना चालू असताना कुठे बिघडलं ते त्यांना दिसतं. दुसरा कुठला लावला तर सोमवारी व्हिडिओ बघून कळेल. दोन, पहिल्या सामन्याला खेळ्या आठच, प्रत्येक दोन्ही बाजूंनी. तीन, वॅगलवर लांबचा पास असणार, आणि तो दर सामन्यात फेकला जाणार.

पहिली गोष्ट मला सगळ्यात पटली. आपण लोक ऑफेन्स निवडा, ऑफेन्स निवडा म्हणत उंटावरून शेळ्या हाकत होतो, आणि निवडणाऱ्याला काय शिकवता येतं हे कोणीच विचारलं नव्हतं.

ओहायोतली काकू

स्काउटच्या मुद्द्यावर: न्यू यॉर्क जायंट्सकडून खेळलेले अमानी टूमर डे ला सालचेच. म्हणजे व्हीअर खेळणाऱ्या शाळेतून एनएफएलचा वाइड रिसीव्हर निघाला. क्वार्टरबॅकचं मात्र त्या वडिलांचं अगदीच खोटं नाही हो. पास फेकतानाचा व्हिडिओच कमी असेल तर कॉलेजवाले काय बघणार? त्या मुलाने उन्हाळ्यात कॅम्पला जावं.

सरावाचं आणि कमरेखालच्या ब्लॉकचं विचारलंत का?

मालवणीबाबा

विचारलं, काकू. ब्लॉक शिकवत नाहीत. सरावात पूर्ण अंगावर घेणं आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस बॅगवर.

बंडोपंत, शेवटचा प्रश्न. पोराला मागचा गार्ड ठेवलंय, म्हणजे स्वीपला वळसा घालून जाणारा. ऑगस्टचे सराव सुरू व्हायच्या आत घरी काय करून घेऊ? परवा अंगणात पळवलं तर फुलबॅकच्या जागी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यालाच धडकला.

बंडोपंत

म्हणजे पहिलं पाऊल आखूड पडतंय.

उजवीकडे जायचं तर पहिलं पाऊल उजव्या पायाचं, बाजूला नाही, तिरकं मागे. त्याच वेळी उजवं कोपर जोरात मागे ओढायचं, कमर आपोआप वळते. दुसऱ्या पावलाला धावायला लागायचं. पण उभं नाही राहायचं, खांदे खालीच. बहुतेक पोरं पहिल्या पावलाला ताठ होतात, आणि समोरच्या लाइनबॅकरला फुकटात कळतं की गार्ड निघाला.

डबा गार्डच्या जागेपासून दीड यार्ड मागे ठेवा. त्याच्यामागून जायचं, आणि टाइट एन्डच्या जागी दुसरी काहीतरी खूण ठेवा, तिथे वर वळायचं. वळताना मान आतल्या बाजूला. तुम्ही स्वतः आत लाइनबॅकरच्या जागी उशी घेऊन उभे राहा आणि कधी पुढे या, कधी मागे थांबा, म्हणजे तो बघायला शिकेल. डाव्या बाजूलाही तितकंच करून घ्या, उजव्या हाताची पोरं डावीकडे जाताना हटकून आळशीपणा करतात.

आणि स्टान्समध्ये (खेळी सुरू होण्याआधीच्या पवित्र्यात) बोटांवर किती भार टाकतो ते बघा. बोटांची पेरं पांढरी पडत असतील तर तो सरळ पुढे जाणार हे समोरच्याला दिसतं. प्रत्येक खेळीला भार सारखाच हवा. याचा एक व्हिडिओ समोरून काढून टाका इथे, तोंड दिसू देऊ नका, पाय दिसले की पुरे.

टेक्सासकर

उशी जाड घ्या मालवणीबाबा. १७५ पौंड आहेत.